मुरलेली एल आणि मुरण्याची ऐपत

धागा. विषय : जुनी इंग्रजी बिअर, तिची चव, आणि त्या चवीची किंमत कोणी मोजली.

पुण्यातील बिअरच्या बैठकांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारी बिअर प्रवासात नासत असे. मग हॉजसन नावाच्या एका हुशार इंग्रजाने ती अधिक कडक केली, तीत हॉप्स वाढवले आणि तहानलेल्या गोऱ्या शिपायांसाठी ‘इंडिया पेल एल’ जन्मास आली. गोष्ट सुटसुटीत आहे, ऐकायला गोड आहे आणि बहुतांशी चुकीची आहे.

ती चुकीची का, हे समजण्यासाठी त्या पेल एलच्या थोरल्या भावंडाकडे जावे लागते. इंग्रजीत तिला ‘ओल्ड एल’ म्हणतात : महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे लाकडी पिंपात ठेवून मुरवलेली कडक बिअर. (एल म्हणजे साधारण घरच्या तापमानाला आंबवलेली बिअर. थंडीत सावकाश आंबवलेली ती लागर. भारतात बाटलीबंद मिळते ती जवळजवळ सगळी लागर.)

या एलचा आस्वाद घेऊन लिहिलेली परीक्षणे वाचली, तर त्यांत ‘पेल्यात उतरलेला इतिहास’ अशा धाटणीचे एखादे वाक्य आढळतेच. या धाग्याचा आक्षेप नेमका त्या वाक्याला आहे. पेल्यात इतिहास जरूर आहे. परंतु परीक्षकाला जो दिसतो, तो बहुधा अर्धाच असतो.

आधी चव. चवीवाचून या विषयावर बोलणे म्हणजे आंबा न खाता हापूस की पायरी हा वाद घालणे.

उदाहरणादाखल गेल्स या हॅम्पशायरमधील जुन्या कारखान्याची ‘प्राइझ ओल्ड एल’ घ्यावी. मद्यार्क ९ टक्के. गेल्सचा कारखाना २००५ साली लंडनच्या फुलर्सने विकत घेतला आणि पुढे तो बंद झाला. ही एल मात्र नंतरही अधूनमधून निघत राहिली. पुण्यातल्या दुकानाच्या फळीवर ती सहसा दिसणार नाही. परदेशातून परतणाऱ्या कोणाच्या बॅगेतून आली तर आली.

ती फ्रीजमधून काढून लगेच प्यायची नसते. तळघराचे तापमान, म्हणजे सुमारे १२ ते १३ अंश सेल्सिअस, हे तिचे योग्य तापमान. पौषातल्या पुणेरी पहाटे खिडकीत ठेवलेली बाटली आपोआप त्या अंशावर येते, त्यासाठी यंत्र लागत नाही. पेला रुंद तोंडाचा असावा आणि अर्ध्याहून कमी भरावा.

रंग जुन्या सागवानाचा. उजेडासमोर धरला की कडेने माणकासारखी तांबूस झाक दिसते. फेस अगदी थोडा येतो आणि लवकर बसतो. लागरच्या सवयीने पाहणाऱ्याला ती ‘उतरलेली’ वाटेल, पण तो तिचा दोष नव्हे.

वासात प्रथम काकवी आणि मनुका. मागोमाग खजूर, किंचित अक्रोडाचे साल. त्याच्याही मागे एक चमत्कारिक गंध : चामड्याचा, घोड्याच्या खोगिराचा, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या लाकडी कपाटाचा. हा गंध ज्याला पहिल्या भेटीत आवडतो असा माणूस विरळा.

घोट घेतल्यावर आधी गोडी लागते, नंतर जिभेच्या कडांवर चिंचेच्या कोळासारखा आंबटपणा पसरतो, आणि घोट उतरल्यावर छातीत मंद ऊब राहते. हॉप्सचा कडवटपणा एव्हाना म्हातारा झालेला असतो, तो फक्त गोडी वाहू देत नाही. शेवटी टाळूवर राहते ती चव जुन्या गुळाची. नव्या गुळाची नव्हे. दोन्ही खाल्लेल्या वाचकाला यातला फरक सांगावा लागणार नाही.

तो खोगिराचा गंध कोठून येतो? १९०४ साली कोपनहेगनमधील कार्लसबर्गच्या प्रयोगशाळेत नील्स येल्टे क्लाउसेन या शास्त्रज्ञाने मुरलेल्या इंग्रजी बिअरमधून एक वेगळे यीस्ट वेगळे काढले. इंग्रजी मुरलेल्या बिअरचा खास गुण याच जिवामुळे येतो, असे त्याने दाखवले आणि त्याचे नाव ठेवले ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’. हे यीस्ट पिंपाच्या लाकडात घर करून राहते आणि नेहमीच्या यीस्टला न पचलेल्या शर्करा महिनोन्‌महिने सावकाश खात बसते. वाइन बनवणारे मात्र याच जिवाला बहुतेक वेळा रोग समजतात.

म्हणजे तोच बदल एका घरात दोष आणि दुसऱ्या घरात गुण. मराठीला हे नवे नाही. काळ पदार्थावर काय करतो यासाठी मराठीत निदान तीन क्रियापदे आहेत : आंबणे, नासणे आणि मुरणे. लोणचे मुरते, दूध नासते, पीठ आंबते. यांपैकी कोणते क्रियापद कशाला लावायचे, हे पदार्थाइतकेच तो ठेवणाऱ्यावरही अवलंबून असते.

इंग्रजीतही एके काळी अशीच सोय होती. अठराव्या शतकातील लंडनमध्ये ताज्या बिअरला ‘माइल्ड’ म्हणत आणि मुरलेलीला ‘स्टेल’. आज स्टेल म्हणजे शिळे. तेव्हा स्टेल बिअर महाग मिळे आणि गिऱ्हाईक ती आवर्जून मागे. शब्दाचा मान पुढे उतरला, बिअरचाही.

या माइल्ड-स्टेलच्या व्यवहारातच जुन्या एलचे अर्थशास्त्र दडलेले आहे. कारखानदार ताजी बिअर विकून मोकळा होई. काही धनिक ती ताज्या भावात उचलत, आपल्या तळघरात वर्षभर ठेवत आणि स्टेलच्या भावात विकत. बिअरमध्ये त्यांनी घातलेली एकमेव गोष्ट म्हणजे काळ. पुढे पोर्टर या काळ्या बिअरच्या बड्या कारखानदारांनी हा नफा ओळखला आणि प्रचंड लाकडी हौद बांधून बिअर मुरवण्याचे काम आपल्याकडेच घेतले.

पुणेकर वाचकाला याचे रूप ओळखीचे वाटावे. मुळशी-मावळातला आंबेमोहोर घ्या. नवा तांदूळ गिचका होतो, जुना मोकळा शिजतो आणि भाव जुन्याला जास्त. पण जुन्या तांदळाचा हा जास्तीचा भाव शेतकऱ्याच्या हाती क्वचितच पडतो. कापणी झाली की देणी उभी असतात, म्हणून तो नवाच विकतो. तांदूळ जुना होतो तो व्यापाऱ्याच्या गोदामात.

मुरण्याला कौशल्य लागते हे खरे. त्याआधी ऐपत लागते.

इंग्लंडातील जमीनदारांच्या वाड्यांत हे आणखी उघडपणे दिसे. तेथे ऑक्टोबर महिन्यात, नवे सातू हाती आल्यावर आणि हवा थंड झाल्यावर, वर्षातली सर्वांत कडक बिअर बनवली जाई. तिचे नावच ‘ऑक्टोबर’. ती एकदोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ पिंपात राही. वारस जन्मला की त्याच्या नावाने एक पिंप भरायचे आणि तो २१ वर्षांचा झाला की फोडायचे, अशीही प्रथा काही घराण्यांत होती. (महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची अट २१ वर्षेच आहे. योगायोग, दुसरे काही नाही.)

या ऑक्टोबर बिअरसाठी मोड आणून भाजलेल्या सातूवर गरम पाणी ओतून जो पहिला, दाट, गोड अर्क निघे तो वापरत. त्याच सातूवर पुन्हा पाणी ओतले की पातळ अर्क मिळे, त्याची रोजची बिअर होई. तिसऱ्या पाण्याची बनत असे ती ‘स्मॉल बिअर’, नोकरचाकरांसाठी आणि मुलांसाठी. महाराष्ट्रात ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग भट्टीच्या दारूपुरता राहिला. इंग्रज वाड्यात पहिली धार धन्याची आणि तिसरी चाकराची, असा धान्याचाच वर्गविभाग होता.

आता एक अपघात. १७ ऑक्टोबर १८१४. लंडनच्या सेंट जाइल्स भागातील म्यूक्स कंपनीच्या ‘हॉर्स शू’ कारखान्यात २२ फूट उंचीचा एक लाकडी हौद उभा होता. त्यात सुमारे १० महिने मुरत ठेवलेली ३,५५५ पिंपे पोर्टर होती, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ५ लाख ८० हजार लिटर. त्या दुपारी हौदाच्या लाकडावर आवळलेली एक लोखंडी कडी निसटली. असे पूर्वीही झाले होते, म्हणून कोणी घाबरले नाही. तासाभराने हौद फुटला.

बिअरच्या लाटेने कारखान्याची मागची भिंत पाडली आणि शेजारच्या दाट वस्तीत ती घुसली. वस्ती गरिबांची, त्यांत आयरिश स्थलांतरित पुष्कळ. एका तळघरात आदल्या दिवशी वारलेल्या बालकाच्या शोकासाठी माणसे जमली होती. एकूण ८ जण मरण पावले, बहुतेक स्त्रिया आणि मुले. चौकशीत हा निव्वळ अपघात ठरला, कंपनीवर दोष आला नाही. वाहून गेलेल्या बिअरवर आधीच भरलेला अबकारी कर मात्र कंपनीने पार्लमेंटकडे दाद मागून परत मिळवला.

समाजमाध्यमांवर ही घटना ‘बिअरचा पूर’ म्हणून गमतीने फिरत असते. लोक रस्त्यावरची बिअर पिऊन झिंगले वगैरे तपशील त्याला मागाहून चिकटलेले आहेत, तत्कालीन वृत्तपत्रांत त्यांना आधार सापडत नाही. गमतीचा भाग सोडला तर उरते ते एवढेच : एका बाजूस वर्षभर थांबू शकणारे भांडवल पाच लाख लिटरच्या हौदात उभे होते, आणि भिंतीपलीकडे तळघरात भाड्याने राहणारी माणसे होती.

करपरताव्याचा तो तपशील किरकोळ वाटेल, पण जुन्या एलची चव त्यानेच ठरवली. ब्रिटनमध्ये कर आधी माल्टवर होता. १८८० साली ग्लॅडस्टनने तो काढून बिअर आंबण्यापूर्वीच्या अर्काच्या घनतेवर कर बसवला. दोन्ही पद्धतींत सरकारचा पैसा आरंभीच वसूल होई. ताजी बिअर विकणाऱ्याला तो काही आठवड्यांत गिऱ्हाइकाकडून परत मिळे. दोन वर्षे मुरवणाऱ्याचा मात्र धान्याचा पैसाही अडकलेला आणि कराचाही. मग बहुतेकांनी मुरवणे कमी केले. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी बिअरची ताकदच सक्तीने उतरवण्यात आली, आणि जुनी एल काही मोजक्या कारखान्यांपुरती उरली.

सफोकमधील ग्रीन किंग हा त्यांतला एक. तेथे ‘ओल्ड फाइव्ह एक्स’ नावाची सुमारे १२ टक्क्यांची एल ओकच्या हौदांत दोन वर्षे किंवा अधिक काळ ठेवत. ती जशीच्या तशी विकत नसत, ताज्या बिअरमध्ये मिसळून ६ टक्क्यांची ‘स्ट्राँग सफोक’ करत. जुन्याचा अंश नव्यात घालण्याची ही युक्ती विरजण लावणाऱ्या कोणत्याही घराला पटेल. उद्देश तेवढा निराळा : मुरवणे महाग, म्हणून ते पुरवून वापरायचे.

डॉर्सेटमधील एल्ड्रिज पोप या कारखान्याने १९६८ साली कादंबरीकार टॉमस हार्डीच्या स्मरणार्थ एक एल काढली. ती बाटलीत २५ वर्षे टिकेल असा दावा लेबलावर होता. लोक तिच्या निरनिराळ्या वर्षांच्या बाटल्या जमवू लागले. येथून जुन्या एलचा तिसरा जन्म सुरू होतो : आधी जमीनदाराची, मग कारखानदाराची, आता संग्राहकाची. आजची परीक्षणे या तिसऱ्या जन्मात लिहिली जातात.

आता हिंदुस्थान. लंडनच्या पूर्वेस बो येथे जॉर्ज हॉजसनने १७५२ साली बिअर बनवण्यास आरंभ केला. त्याच्या हाती कोणतीही नवी कृती नव्हती. त्याचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे लागत त्या गोदीच्या जवळ होता, आणि तो जहाजांच्या कप्तानांना १८ महिन्यांपर्यंत उधारी देत असे. धंदा जमला तो या दोन गोष्टींवर. त्याने पाठवलेली फिकट बिअर ही वाड्यांतल्या ऑक्टोबर बिअरच्याच कुळातली, मुरवून प्यायच्या जातीची होती. बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी हे अनेक वर्षे जाहिराती आणि व्यापारी कागद तपासून मांडले आहे. ती त्या काळच्या मानाने विशेष कडक नव्हती, हेही त्यांनीच दाखवले.

प्रवासात ती नासण्याऐवजी मुरे. चार ते सहा महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून, डुलणाऱ्या जहाजाच्या उबदार पोटात. तळघरात जे व्हायला दोन वर्षे लागत ते समुद्राने काही महिन्यांत केले. भाडे कप्तानाचे, उधारी हॉजसनची, आणि पिणारा कोण? कंपनीचा साहेब, व्यापारी, अधिकारी. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला येई ती पोर्टर, आणि त्याआधी व त्यासोबत देशी अरक. ‘तहानलेल्या शिपायांची पेल एल’ ही त्या गोष्टीतली सर्वांत कच्ची कडी आहे.

पुण्याचा प्रवेश येथे होतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि खडकी व पुणे येथे छावण्या वसल्या. छावणी म्हणजे पगारी, तरुण, कंटाळलेले पुरुष. १८५७ नंतर गोऱ्या फौजेची संख्या वाढवण्यात आली आणि अरकाने सैनिक मरतात हे सरकारी आरोग्य-चौकशांत वारंवार दिसू लागले. त्यांना अरकाऐवजी बिअर द्यावी हा विचार बळावला. समुद्रापलीकडून आणण्यापेक्षा ती येथेच बनवणे स्वस्त.

कसौलीत एडवर्ड डायरने १८५५ च्या सुमारास कारखाना काढलाच होता. (जालियनवाला बागेतील जनरल डायर हा त्याचाच मुलगा.) पुढे एच. जी. मीकिनने डायरकडून सिमला आणि कसौलीचे कारखाने घेतले आणि नवे काढले : राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग आणि खडकी.

ही यादी दोनदा वाचावी. खडकी सोडली तर सगळी थंड हवेची डोंगरी ठाणी. बिअर आंबवायला थंडावा हवा, म्हणून डोंगर समजतो. खडकीला मुळा नदी आहे, हिमालय नाही. मग खडकी कशासाठी? या धाग्याच्या मते उत्तर सरळ आहे : गिऱ्हाईक दाराशी होते. दख्खनच्या पठारावरील या छावणीने हवामानाची अट बाजूला सारली. पुण्याच्या बिअरचा स्थानिक इतिहास लिहायचाच तर तो छावणीच्या हिशेबवहीतून सुरू होतो, वाड्याच्या तळघरातून नव्हे.

त्याच वर्षांत छावणीच्या हद्दीबाहेर काय चालले होते? पेशवाईत मद्यावर निर्बंध होते. पेशव्यांच्या रोजनिश्यांवरील आपल्या निबंधात न्यायमूर्ती रानडे यांनी या बंदीची आणि तोफखान्यातील ख्रिस्ती नोकरांना दिलेल्या सवलतीची नोंद केली आहे. इंग्रजी अमलात मद्य हे उत्पन्नाचे साधन झाले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या छोट्या भट्ट्या मोडल्या, दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटली आणि विक्रीचे मक्ते दिले जाऊ लागले. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. दारू गाळणे दूरच, झाडाखाली पडलेले फूल वेचून घरात ठेवणेसुद्धा संशयास्पद ठरले.

येथे एक तर्क मांडण्याजोगा आहे. मोहाची दारू कच्ची, ताजी, उग्र असते, तिला ‘परिष्कृत’ चव नाही, असे साहेबी अहवालांपासून आजच्या परीक्षणांपर्यंत अनेक जण सुचवतात. पण जी दारू जवळ बाळगणे हाच गुन्हा, ती मुरवणार कोण आणि कोठे? लपवलेली वस्तू लवकर संपवावी लागते. उद्या जप्ती येईल या भीतीखाली दोन वर्षांचे पिंप भरले जात नाही. इंग्रज जमीनदाराला कायद्याने तळघर दिले आणि आदिवासी पाड्याला कायद्याने घाई दिली. पुढे दोघांच्या पेयांची तुलना चवीच्या नावाखाली झाली.

आणि मुरवणे येथे अज्ञात होते असेही नाही. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांत काढा किंवा रस, गूळ किंवा मध आणि सह्याद्रीत विपुल असणारी धायटीची फुले घालून भांडे बंद करतात आणि महिनाभर धान्याच्या राशीत ठेवतात. द्राक्षासव चाखलेल्याला जुन्या एलची गोडी-आंबटी-ऊब ही क्रमवारी ओळखीची वाटेल. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने अशा औषधांनाही कवेत घेतले होते. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांपुरता तो भाग रद्द केला. बाकी कायदा आजही लागू आहे. म्हणून महाराष्ट्रात बिअर पिणारा माणूस कागदोपत्री आजही ‘दारूबंदी’ कायद्याखालील परवान्यावरच पितो.

पुण्यात या प्रश्नावर राजकारणही झाले. १८८० साली नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. १९०८ च्या वसंतात टिळकांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांनी पुण्यातील दुकानांवर निरोधने केली. सरकारला नीती नको, महसूल हवा, हा त्यामागचा रोख होता. दोघांच्या भूमिकांत पुष्कळ अंतर आहे, पण दोघांनाही दारूच्या मागे उभा असलेला खजिना दिसत होता.

ज्या साली ग्लॅडस्टनने बिअरवरील कर बदलला, त्याच साली फुल्यांचे हे पत्र गेले. दोन्हींचा परस्परसंबंध नाही. तरीही हे दोन कागद शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत : एकात साम्राज्य घरच्या बिअरवर सूक्ष्म मोजमापाने कर लावते, दुसऱ्यात त्याच साम्राज्याच्या एका शहरात दुकाने किती वाढावीत याला धरबंध उरलेला नाही.

वर्तमानात यायचे तर ‘स्ट्राँग’ या शब्दापाशी थांबावे लागते. भारतीय मानकांनुसार ५ टक्क्यांवरची बिअर स्ट्राँग, कमाल मर्यादा ८ टक्के. म्हणजे ९ टक्क्यांची प्राइझ ओल्ड एल येथे कागदावर बिअरच ठरत नाही. भारतीय बाजाराचा मोठा हिस्सा स्ट्राँग बिअरचा आहे, पण ती ताकद पैशाच्या मोबदल्यात लवकर चढावी म्हणून असते. जुन्या एलची ताकद टिकावी म्हणून होती. एकाच शब्दाखाली दोन उलट्या गरजा नांदतात.

मीकिनच्या वारशात डायर-मीकिन आणि पुढे मोहन मीकिन ही कंपनी आली. १९५४ साली तिने काढलेली ‘ओल्ड मंक’ रम सात वर्षे मुरवलेली म्हणून विकली गेली. महाराष्ट्रातील कित्येक वसतिगृहांना ‘ओल्ड’ या शब्दाचा मद्यातला अर्थ कळला तो तिच्यामुळे. खडकीचा कारखाना ज्या साखळीत होता, त्याच साखळीतून देशातील एक अतिशय लोकप्रिय मुरलेले पेय यावे, याची नोंद पुण्याने घ्यायला हरकत नाही.

२००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही बिअर जागीच बनवून विकणारी ब्रुअरी सुरू झाली, आणि शहराला ताज्या एलची ओळख झाली. नाव मोठे बोलके आहे. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्‌महिने पडून राहत. कंटाळ्याने आणि तापाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग आला, त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. थांबणे प्रत्येकाला मानवत नाही, हे देवळालीच्या शिपायाला पुरते माहीत होते.

आता अपेक्षित आक्षेप : एक घोट बिअर, त्यावर एवढे ओझे कशाला? चव ही चव असते. मान्य. प्राइझ ओल्ड एल उत्कृष्ट आहे, आणि सेंट जाइल्सचे आठ मृत्यू माहीत असल्याने तिची मनुकांची गोडी कमी होत नाही. मुद्दा परीक्षणापुरता आहे. ‘लाकडाचा गंध, काळाची खोली’ असे लिहिणाऱ्याने काळ ही जिन्नस मान्य केलेलीच आहे. मग तिचा भाव कोणी भरला हेही लिहावे. वाइनच्या परीक्षणात जमीन, उतार, पाऊस यांवर परिच्छेद खर्ची पडतात. जुन्या एलच्या परीक्षणात कर, उधारी आणि तळघर यांना दोन ओळी मिळायला कोणाची हरकत असावी?

शब्दही घरचे वापरावेत. ‘रेझिन’, ‘मोलॅसिस’, ‘हॉर्स ब्लँकेट’ अशा परक्या शब्दांनी भरलेली मराठी परीक्षणे वाचताना काही कळत नाही. काकवी, मनुका, खोगीर, जुना गूळ, चिंचेचा कोळ यांनी कळते.

आणि कोणाच्या हाती अशी बाटली आलीच, तर पुढच्या दिवाळीसाठी राखून ठेवण्याचा मोह टाळावा. लेबलावर पंचवीस वर्षे लिहिलेली असोत. ती वर्षे इंग्लंडमधल्या थंड तळघराच्या हिशेबाने मोजलेली आहेत. पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, एप्रिल-मे ओलांडल्यावर ती मुरलेली नसेल, नासलेली असेल. त्याच हिवाळ्यात उघडावी, चौघांत वाटावी.